ड्यूकच्या केसांची शाल

म्मे मापालेसाच्या बंगल्यात नऊ वर्षं दोन जीव इमानेइतबारे राबले. एक ड्यूक नावाचा कुत्रा आणि दुसरी लिनेओ. ड्यूकचं काम केस गाळायचं, लिनेओचं ते वेचायचं, आणि कामचुकारपणा दोघांच्याही अंगात नव्हता. पगार एकीला होता आणि लाड दुसऱ्याचे होते, एवढाच काय तो फरक.

ड्यूक सीमेपलीकडून, ब्लूमफाँटेनहून, गाडीच्या मागच्या सीटवर बसून आला होता. पांढराशुभ्र, गुबगुबीत, कुठल्याशा बर्फाळ मुलखातल्या जातीचा. इथला मासेरूचा हिवाळा त्याला मानवायचा, उन्हाळ्यात मात्र बिचारा फरशीला पोट टेकून धापा टाकत पडायचा. वर्षातून दोनदा तो आतली मऊ लव सोडायला लागला की घराची दशा बघवत नसे. कार्पेटवर केस, पडद्यांच्या दुमडीत केस, फ्रिजमागे केस, मक्याच्या पिठाच्या डब्यात केस. एकदा तर म्मेच्या वाढदिवसाच्या केकवर बसले आणि पाहुण्यांनी नारळाचा कीस समजून खाल्ले. लिनेओ स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. 

म्मे मापालेसा सरकारात मोठ्या हुद्द्यावर होती. मोठा हुद्दा म्हणजे काळे सूट, आणि काळ्या सुटावर पांढरा केस दहा हातांवरून दिसतो. रोज सकाळी ती बाहेरच्या दाराशी दोन्ही हात वर करून उभी राहायची आणि लिनेओ तिच्याभोवती फिरून ओल्या रबरी हातमोज्यानं तिला पुढून, मागून, काखेखालून पुसून काढायची. तरी एखादा राहायचाच.

"आउसी, हे काय आहे गं? मी मंत्रालयात निघालेय का मेंढ्या हाकायला?"

म्मे म्हणजे आई, आणि आउसी म्हणजे ताई. तोंडानं ताई म्हणायचं आणि मान मात्र पायपुसण्याचा द्यायचा, ही मोठ्या घरांची जुनी खोड आहे. लिनेओला तिच्या नावानं त्या घरात फक्त पोस्टमन हाक मारायचा.

"मशीन फिरवलं होतं, म्मे."

"मग मशीन काय झोपलं होतं?"

मशीन झोपलेलं नव्हतं, पण त्याची अक्कल तेवढीच. ते कार्पेट वरवर चाटतं आणि मोठ्यानं गुरगुरतं, म्हणून मालकांना वाटतं काम झालं. खरं काम गुडघ्यांवर बसून होतं. भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवायचे, पाण्यात बुडवून झटकायचे आणि कार्पेट आपल्याकडे ओढत यायचं, वीतभर, वीतभर. मग आत रुतलेले केस वर येतात, एकमेकांना धरतात आणि बोटाएवढ्या वळकट्या होतात. बैठकीच्या खोलीला दीड तास लागायचा. जिन्याच्या सतरा पायऱ्यांना वेगळा एक तास. ड्यूक तेवढा वेळ शेजारी बसून राहायचा, आणि आत्ताच साफ केलेल्या जागेवर येऊन लोळायचा. लिनेओ त्याला शिव्या घालायची, तो शेपूट हलवायचा. त्याचं तिच्यावर प्रेम होतं यात शंका नाही.

पहिली तीन वर्षं ते केस कचऱ्यात गेले. एकदा कचऱ्याचा डबा वाऱ्यानं उलटला, सगळा पांढरा पसारा अंगणभर उडाला आणि शेजारणीसमोर म्मेची शोभा झाली. तेव्हा ती कडाडली होती, "जाळ, पूर, नाहीतर तुझ्या घरी ने! पण मला परत हे डोळ्यांसमोर दिसता कामा नये!" लिनेओनं मान डोलावली होती.

चौथ्या वर्षी, नवरा गेला त्या हिवाळ्यात, तिनं केस फेकणं बंद केलं.

लिनेओ तेयातेयानेंगची. तिकडच्या बायका अंगोरा शेळीची लोकर कातून गालिचे विणतात. तिच्या आईचं आयुष्य चरख्यावरच गेलं होतं. वळकटी बोटांत धरून ओढली की धागा होणार का नाही, हे लिनेओच्या बोटांना कुणी सांगावं लागत नव्हतं. ड्यूकची आतली लव लांब होती, ढगासारखी हलकी होती, फक्त निसरडी होती. त्यात थोडी शेळीची लोकर मिसळली की पीळ धरायची. मग तिनं काय केलं, तर रोजच्या वळकट्या पिठाच्या रिकाम्या पोत्यात भरून घरी नेल्या. व्हिनेगर घालून तीनतीन पाण्यांतून धुतल्या, कारण कुत्र्याचा वास मोठा चिवट असतो. सुट्टीच्या दिवशी उन्हात बसून पिंजल्या, आईच्या चरख्यावर कातल्या. पाच वर्षं. नणंद विचारायची, "कुणासाठी चाललंय एवढं? नातवाला का?"

"मला," लिनेओ म्हणायची.

नणंदेला ते खरं वाटायचं नाही. बाई स्वतःसाठी काही करतेय म्हटलं की लोकांना ती काहीतरी लपवतेय असंच वाटतं.

शाल झाली ती खांद्यापासून पोटऱ्यांपर्यंत येणारी, दुधासारखी पांढरी, आणि ऊब अशी की आत शिरलं की बाहेर यावंसं वाटू नये. लिनेओ ती फक्त रविवारी चर्चला घालायची. मापालेसाच्या घरी शाल कधी गेली नव्हती.

यंदा ऑगस्टच्या सुरुवातीला, ऐन हिवाळ्यात, ड्यूक गेला. म्हातारा झाला होता, मागचे पाय धरले होते. म्मे मापालेसानं तीन दिवस रजा टाकली. मुलगी पालेसा कॅनडात, नवरा वेगळा झाल्याला बारा वर्षं झालेली. त्या एवढ्या घरात तिची वाट बघणारा तो एकच होता. लिनेओनंच बागेत खड्डा खणला, दोघींनी मिळून त्याला ठेवला, आणि त्या वेळी लिनेओही रडली. मग आत जाऊन तिनं जे नऊ वर्षं केलं होतं तेच केलं. मशीन फिरवलं, हातमोजे चढवले, सोफे पुसले, त्याचं अंथरूण धुऊन टाकलं. संध्याकाळपर्यंत घर लखलखीत.

दुसऱ्या दिवशी म्मे मापालेसा सोफ्यावर हात फिरवत बसली होती. मग उशा उचलून बघायला लागली. मग कपाटातून काळा कोट काढून खिडकीशी नेला आणि उलटासुलटा करून बघितला.

"आउसी, त्याचा एकही केस नाही गं घरात."

"नाही, म्मे. सगळं साफ केलं."

यावर म्मे अशी काही रडली की लिनेओला कुठं बघावं कळेना.

त्यानंतर आठवड्याभरानं डोंगरात बर्फ पडलं आणि मासेरूत वारं कापायला लागलं. टॅक्सी मिळाली नाही म्हणून लिनेओ चार मैल चालत आली, आणि थंडीपुढं काही सुचलं नाही म्हणून ती शाल पांघरून आली. म्मे मापालेसानं दार उघडलं.  मग हात पुढे करून तिनं शालीचं टोक चिमटीत धरलं, गालाला लावलं.

"हा ड्यूक आहे," ती म्हणाली.

"ड्यूकचे केस आहेत, म्मे. आणि थोडी शेळी."

"दे. काढ ती."

"नाही."

नऊ वर्षांत त्या दारात हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. म्मेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"काय म्हणालीस?"

"शाल माझी आहे, म्मे."

"कुत्रा कुणाचा होता?"

"तुमचा."

"मग त्याचे केस कुणाचे?"

"अंगावर होते तोवर तुमचे. खाली पडल्यावर तुम्ही त्यांना काय काय म्हणत होतात ते आठवतंय मला."

म्मेनं आधी आवाज चढवला, मग उतरवला. चांगलं नवं ब्लँकेट घेऊन देते म्हणाली, सेआना मारेना, सगळ्यांत भारी, लग्नात पुरुष अंगावर घेऊन मिरवतात ते. लिनेओनं मान हलवली. मग म्मे म्हणाली की असं असेल तर उद्यापासून येऊ नकोस. लिनेओ आल्या पावली माघारी गेली, आणि चार मैल पुन्हा वाऱ्यात चालली.

तिसऱ्या दिवशी गावच्या मोरेनाचा माणूस म्मेच्या तक्रारीचा निरोप घेऊन लिनेओच्या दारात हजर. मोरेना म्हणजे गावचा मुखिया, आणि त्याच्या अंगणात भरतो तो खोत्ला, म्हणजे न्यायसभा. म्मे मापालेसाला मोठी कोर्टं का माहीत नव्हती? पण कुत्र्याच्या केसांसाठी मॅजिस्ट्रेटपुढं उभं राहायला तिचं मन धजलं नसणार.

"देऊन टाक गं बाई," नणंद म्हणाली. "शालीपायी मोठ्यांशी वैर कशाला? दुसरी वीण."

"दुसरा कुत्रा कुठून आणू?"

"तोंड चालवू नकोस. तिनं चोरी म्हटलं तर मासेरूत कुणी दारात उभं करणार नाही तुला. खाशील काय?"

हे खरं होतं. लिनेओला रात्रभर तेच दिसत होतं. तरी शनिवारी सकाळी ती निघाली ती शाल अंगावर घेऊनच. लपवून नेली असती तर चोरीची दिसली असती.

अंगणात पंचवीसतीस माणसं जमली होती. खटला कुत्र्याच्या केसांचा आहे हे गावभर झालं होतं, त्यामुळं ज्यांना शनिवारी दुसरी कामं होती तीही माणसं आली होती. मोरेना सत्तरीचा, एका डोळ्यात मोतीबिंदू, घोंगडं पांघरून बाकावर बसलेला. म्मे मापालेसा घरून आणलेल्या खुर्चीवर, काळ्या सुटात. सुटावर एक केस नव्हता.

तिनं नीट मुद्देसूद मांडलं. सभा घ्यायची सवय होती तिला. कुत्रा माझा, त्याचं खाणं माझं, डॉक्टर माझा, त्याच्यापासून निघालेली प्रत्येक गोष्ट माझी. आउसीनं मला न विचारता ती पाच वर्षं घरी नेली.

"मेंढी तुझी असली तर लोकर तुझी," मोरेना म्हणाला. "इथवर बरोबर आहे."

मागून एक म्हातारा मेंढपाळ उठला. "मोरेना, कातरलेली लोकर मालकाची. पण काट्याकुंपणाला अडकून राहते ती? ती पोरं वेचून नेतात. आजवर कुणी त्यांना हटकलंय?"

"माझं कार्पेट म्हणजे काटेकुंपण आहे का?" म्मे मापालेसा म्हणाली, आणि लोक हसले. तिला ते आवडलं नाही.

लिनेओ उठली. तिनं अंगणात उडालेल्या कचऱ्याची गोष्ट सांगितली. जाळ, पूर, नाहीतर घरी ने, हे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"म्हणालीस असं?" मोरेनानं म्मेला विचारलं.

"रागात म्हणाले असेन. पण..." इथं तिचा आवाज फुटला. "मोरेना, मला कायदा नको. माझ्या घरात त्याचं काही उरलं नाही. एक केस नाही. तिच्या अंगावर मात्र तो अख्खा आहे. मी काय मोठं मागतेय?"

 रडणाऱ्या बाईपुढं माणसं विरघळतात, आणि ती बाई मोठ्या हुद्द्यावरची असली तर जरा लवकरच विरघळतात. मेंढपाळसुद्धा खाली बघायला लागला. मोरेना मऊ आवाजात म्हणाला, "लिनेओ, तुझा हक्क असेलही. पण या बाईच्या घरी दुःख झालंय. दुःखातल्या माणसाला आपण नाही म्हणत नाही. देऊन टाक, तुला पुण्य लागेल."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. नणंद तर मानेनं खुणा करत होती.  आत्ता द्यायची आणि सुटायचं, एवढं सोपं होतं. नाही द्यायची तर एकच गोष्ट सांगण्यासारखी होती, आणि ती सांगितली तर म्मेची जाईल त्याच्या दुप्पट तिची स्वतःची लाज जाणार होती. पाच वर्षं तिनं ती नणंदेपासूनसुद्धा लपवली होती.

"मोरेना," ती म्हणाली, "माझ्या घरीही दुःख झालं होतं. माझा मोलेफी गेला तेव्हा मला चार दिवस मिळाले. पाचव्या दिवशी मी थापो घालून कामावर गेले."

थापो म्हणजे विधवेचे काळे कपडे. ते सासरच्या वडीलधाऱ्या बायका अंगावर चढवतात, आणि काही महिन्यांनी दिवस ठरवून, माणसं बोलावून, त्यांच्याच हातानं उतरतात. मध्ये ते कुणी उतरवत नाही.

"मी गुडघ्यांवर बसून कार्पेट ओढत होते. काळ्यावर ड्यूकचे पांढरे केस लागले. दुपारी पाहुणे जेवायला येणार होते. म्मे, तुम्ही काय म्हणालात?"

म्मे मापालेसानं सुटाची बाही झटकली.

"सांग, तूच सांग," मोरेना म्हणाला.

"म्हणाल्या, आउसी, हे घाणेरडं दिसतंय. पाहुणे यायच्या आत ते काळं काढ आणि गुलाबी झगा चढव. आणि मी काढलं, मोरेना. धुण्याच्या खोलीत, एकटीनं, दार लावून. माझ्या हातानं. संध्याकाळी टॅक्सी स्टँडवरच्या संडासात जाऊन परत चढवलं, म्हणजे घरी कळू नये."

"उतरवलंस?" नणंद मागून ओरडली. "लिनेओ! आमच्या भावाचं?"

"हो. उतरवलं." लिनेओ तिच्याकडे वळली नाही. वळली असती तर पुढचं बोलता आलं नसतं. "पोटासाठी उतरवलं. मला तेव्हा नाही म्हणता आलं नाही. त्या दिवशी कुणी म्हणालं नाही की हिच्या घरी दुःख झालंय. मी झगा घालून पुन्हा गुडघ्यांवर बसले आणि तेव्हा ठरवलं की ज्या केसांपायी माझं काळं उतरलं, ते केस मी अंगावर घालीन. एकूण एक. ही मी कुत्र्याच्या आठवणीत विणलेली नाही, म्मे. चांगला होता तो, त्याचा काही दोष नाही. पण ही माझी आहे. दया म्हणून मागा, भारी ब्लँकेट द्या, चोर म्हणा. देणार नाही."

कुणीतरी बाई मोठ्यानं चुकचुकली. म्मे मापालेसा मोसोथो होती, ह्याच मातीतली, तिला थापो म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं मान खाली घातली ती वर केली नाही. तिला ती दुपार आठवत होती का, कुणास ठाऊक. करणाऱ्याला बहुतेक आठवत नाही.

मोरेना बराच वेळ काठीनं माती उकरत राहिला.

"मघाशी मी तुला द्यायला सांगितलं ते मागे घेतो," तो शेवटी म्हणाला. "शाल लिनेओची. चोरीचा शब्द या गावात कुणी काढायचा नाही. आणि मापालेसा, विधवेचं काळं उतरवायला लावलंस त्याबद्दल तू हिच्या सासरच्यांच्या दारात जाऊन बसायचंस. ते ठरवतील काय ते."

माणसं उठायला लागली. नणंद लिनेओच्या अंगावर भांडायला आली होती, पण जवळ आल्यावर तिला काय झालं कोण जाणे, तिनं लिनेओच्या खांद्यावरून घसरलेली शाल ओढून नीट केली आणि पुढे चालू लागली.

म्मे मापालेसा अजून खुर्चीतच होती. लिनेओ तिच्या समोरून गेली आणि थांबली.

"म्मे, मी खोटं बोलले. घरात एक केस नाही म्हणाले ना, ते खोटं. बैठकीच्या खोलीतलं ते मोठं काचेचं कपाट नऊ वर्षांत कुणी हलवलेलं नाही. त्याच्या मागचं कार्पेट खोलवर भरलेलं आहे. जिन्याच्या वळणावरही असणार. माझ्या शालीत नाही एवढा तो तुमच्याकडे आहे."

म्मेनं मान वर केली. डोळ्यांतलं काजळ गालांवर आलं होतं.

"मशीननं निघेल?"

"मशीननं निघत असता तर मी कशाला लागले असते? खाली बसायचं. हात ओला करायचा. दाबून ओढायचं, आपल्याकडे."

"किती वेळ लागतो?"

"तुम्हाला? दिवस जाईल."

म्मे मापालेसा आपल्या तळव्यांकडे बघत राहिली. मग हळूच, पहिल्यांदाच नावानं हाक मारून तिनं विचारलं, "लिनेओ... आणि गुडघे?"

"दुखतात," लिनेओ म्हणाली.